वारा, किंवा द्रोझ्दची नवी शेगडी

बोगुमिवा रोज संध्याकाळी सहाला
बाल्कनीतल्या तारेवर एक पांढरा रुमाल लावते.
सकाळी सहाला काढते,
कोपऱ्यात तारीख घालते
आणि बुटांच्या खोक्यात ठेवते.
तिच्या आईच्या चादरी फाडून केलेले रुमाल.
नोव्हेंबरपासून एकशे बत्तीस.

दक्षिण पोलंडातलं हे खाणीचं गाव.
हिवाळ्यात इथं प्रत्येक धुराडं घरातलं बाहेर सांगतं:
कोळसा जळतोय, की ओलं लाकूड,
की जुने बूट, की कपाटाचं रंगवलेलं दार.
तिला वासावरून कळतं कुणाकडे काय पेटलंय.
मलाही कळतं.
मी बोलत नाही.

मी म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी.
ती म्हणाली,
घडा पालथा आहे, एवढं तरी लिहून ठेवू दे.

मी हे उगाच म्हणत नाही.
तेविसाव्या वर्षी मीही
मावशीच्या खुराड्यात पत्रकं छापली आहेत.
रात्रभर रूळ फिरवायचा,
कोंबड्या जाग्या, आम्ही जागे.
नखांतली शाई ईस्टरपर्यंत निघाली नव्हती.
आम्ही जिंकलो, म्हणतात.
पाट्या बदलल्या, नाणी बदलली,
आणि आमच्यात जो सगळ्यांत छान बोलायचा
त्यानं पुढे खाणीचं भंगार लिलावात घेतलं.
त्याच्या लग्नात मी नाचलो होतो.
तेव्हापासून टाळीसाठी हात वर नेला
की खांदा धरतो.
डॉक्टर म्हणतात, संधिवात.

जानेवारीत ती खोकी घेऊन नगरपालिकेत गेली.
इंजिनिअरनं झाकण उघडलं, शिंकला, झाकण लावलं.
म्हणाला, बाई, हा पुरावा नाही, धुणं आहे.
मी हसलो.
हसायला नको होतं, पण वाक्य चांगलं होतं.

ती रागावली नाही. खसखशीचा केक घेऊन
खालच्या मजल्यावर द्रोझ्दकडे गेली.
नव्या शेगडीसाठी अनुदान मिळतं,
अर्ज अकरा पानी.
तिनंच भरला. तीनदा.
एकदा सही काळ्या शाईत होती म्हणून परत आला,
एकदा निळ्या शाईत होती म्हणून.

फेब्रुवारीत एका सकाळी
रुमाल जवळजवळ पांढराच निघाला.
मी म्हटलं, वारा.
रात्रभर डोंगराकडून वारा होता,
शेजारचा पत्रा उडाला, ऐकलं नाहीस?
आणि ती भांडेल म्हणून वाट पाहत राहिलो.
तिनं चष्मा लावला. तारखेखाली लिहिलं:
वारा, किंवा द्रोझ्दची नवी शेगडी.
नक्की माहीत नाही.

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो
की आशा म्हणजे स्वतःशीच खोटं बोलणं,
सुवाच्य अक्षरात.
अक्षर सुवाच्य होतं खरं.

मार्चमध्ये तिला पित्ताशयाच्या ऑपरेशनला नेलं.
घरी मी, टीव्ही,
आणि बाल्कनीत दोन चिमटे तारेवर.
सहा वाजले.
विचारणारं कुणी नव्हतं.
सव्वासहा.
कापलेले रुमाल ती कुठं ठेवते
हे एकेचाळीस वर्षांच्या संसारात
मला विचारायचं सुचलं नव्हतं.
शेवटी खिशातला माझाच लावला.

माझा विश्वास बसला, असं कुणी समजू नये.
रिकामे चिमटे बघवेनात, इतकंच.

सकाळी खिडकीशी नेऊन पाहिला.
राखाडी कुठं संपतो
आणि निळ्या चौकड्या कुठं सुरू होतात,
कळेना.
तारीख घातली. खुराड्यातलंच अक्षर,
अजून जरा डावीकडे झुकतं.
खाली लिहिलं:
रुमाल चौकड्यांचा आहे, नीट दिसत नाही.

मग कॉफी तशीच ठेवून
कपाटातले कप्पे एकेक उघडत बसलो,
पांढरं काही मिळतं का बघत.